घर हेच कामाचे ठिकाण : सोलापूरचे श्रमिक आणि मनाचे आरोग्य



इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी इ. स. १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्यापाशी गेल्यावर वैद्याने कोणते प्रश्न विचारावेत, याची परंपरा युरोपात ग्रीक वैद्य हिपॉक्रटीसच्या काळापासून चालत आलेली होती. रामाझ्झिनी यांनी त्या प्रश्नांत एकाच प्रश्नाची भर घातली. रोगी कोणता धंदा करतो, हेही त्याला विचारावे, असे त्यांनी सांगितले. कुंभार, खाणकामगार, विणकर, लेखनिक अशा अनेक व्यवसायांतील माणसांना जडणारे विकार त्यांनी प्रत्यक्ष पाहून नोंदवले. व्यावसायिक आरोग्य ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा आज मानली जाते, तिचा पाया या एका साध्या प्रश्नात आहे.

तीन शतकांनंतरही तो प्रश्न जुना झालेला नाही. फरक पडला आहे तो त्याच्या उत्तरानंतर काय तपासावयाचे यात. पूर्वी धंदा कळला की वैद्य छाती, डोळे, कातडी व सांधे पाहत असे. आता मनाकडेही पाहावे लागते. १९४८ साली अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने आरोग्याची व्याख्या करताना शरीराबरोबर मन व समाजजीवन यांचाही समावेश केला. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी याच संघटनेने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. खिन्नता आणि चिंता या दोन विकारांमुळे जगात दर वर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, असा अंदाज त्या वेळी देण्यात आला.

तथापि हे दिवस कोणाचे मोजले जातात, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. कामाचे ठिकाण म्हटले की कारखाना, कचेरी, फाटकावरचा पहारेकरी आणि हजेरीचे पुस्तक ही चित्रे डोळ्यांसमोर येतात. परंतु सोलापूर शहरात हजारो स्त्रियांचे कामाचे ठिकाण म्हणजे त्यांच्या राहत्या घरातील उजेडाचा कोपरा आहे. तेथे हजेरी घेतली जात नाही, तेथे सुट्टी जाहीर होत नाही, आणि तेथे आलेला थकवा कोणत्याही नोंदवहीत चढत नाही. म्हणून या विषयाचा विचार सोलापूरच्या संदर्भात करणे उपयुक्त ठरेल.

गिरण्यांचे शहर

सोलापूर हे प्रथमपासून विणकरांचे शहर. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली व इतर विणकर कुटुंबांनी येथे हातमाग रुजवला. १८७७ मध्ये येथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. पुढे ती ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्यामागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम या गिरण्या आल्या. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा बोलणारा मोठा कामगारवर्ग या शहरात नांदू लागला. गिरणीचा भोंगा हे केवळ कामगारांचे नव्हे, तर सर्व शहराचे घड्याळ होते.

गिरणीतील कामाचे शारीरिक दुष्परिणाम हळूहळू वैद्यकाच्या ध्यानात आले. कापूस पिंजण्याच्या विभागात उडणारी बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेली की छाती आवळल्यासारखी होते, धाप लागते. या विकाराला ‘बिसिनोसिस’ म्हणतात. त्याचे एक लक्षण मोठे चमत्कारिक आहे. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतण्याच्या पहिल्या दिवशी त्रास अधिक जाणवतो आणि नंतरच्या दिवसांत तो कमी होतो. इंग्लंडच्या लँकेशायरमधील गिरण्यांत डॉ. शिलिंग यांनी १९५० च्या दशकात या विकाराच्या पायऱ्या ठरवल्या. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांच्या श्वसनविकारांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून अभ्यास केला. पूर्वी ‘गिरणीतला दमा’ म्हणून ज्याकडे दुर्लक्ष होत असे, तो आजार अशा संशोधनामुळे कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक रोग म्हणून नोंदला गेला आणि भरपाईस पात्र ठरला. रोगाला नाव मिळाल्यावरच त्याची जबाबदारी ठरवता येते, हा या इतिहासाचा धडा आहे. मनाच्या त्रासाच्या बाबतीत ही पायरी अद्याप पुष्कळशी चढावयाची आहे.

गिरणी थांबते तेव्हा

विसावे शतक संपेपर्यंत सोलापुरातील बहुतेक जुन्या गिरण्यांची धुराडी थंड पडली. काम जाते तेव्हा पगार जातो, हे उघड आहे. पण पगाराबरोबर आणखी काय जाते, याचा शोध एका संशोधनाने नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी घेतला होता आणि योगायोगाने तेही एका गिरणीचेच गाव होते.

ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावाचे सर्व जीवन एका कापड गिरणीवर अवलंबून होते. जागतिक मंदीत ती बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या तरुण संशोधकांनी १९३१-३२ च्या सुमारास तेथील ४७८ कुटुंबांची पाहणी केली आणि १९३३ मध्ये ती प्रसिद्ध केली. माणसांना आता वेळ भरपूर होता, म्हणून ती अधिक वाचतील, सभा-संस्थांत अधिक भाग घेतील, अशी कोणाचीही अपेक्षा होईल. घडले ते उलट. वाचनालयातून जाणारी पुस्तके कमी झाली. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले, वारंवार थांबू लागले. संशोधकांनी हातात घड्याळ घेऊन हे मोजले. दिवसभर काय केले, असे विचारले तर त्यांना सांगता येईना. स्त्रियांची चाल मात्र तितकी मंदावली नव्हती, कारण घरचे काम संपलेले नव्हते.

पुढे याहोडा यांनी या निरीक्षणांवरून असे प्रतिपादन केले की, काम माणसाला पैशाबरोबर आणखी पाच गोष्टी देते : दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, सर्वांच्या उद्दिष्टात वाटा, समाजात एक स्थान आणि नियमित हालचाल. या गोष्टी एकदम काढून घेतल्या की मन खचते.

सोलापूरकरांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. भोंगा थांबला, तसा पुष्कळ घरांतील कर्त्या पुरुषांच्या दिवसाचा आकार मोडला. काही जण यंत्रमागावर गेले, काहींनी मिळेल ती मजुरी पत्करली, काही घरी बसले. अशा वेळी अनेक घरांतील चूल पेटती राहिली ती घरातील स्त्रीच्या विडीवर.

मांडीवरचे सूप

सोलापुरातील विडी कामगारांची संख्या सामान्यतः साठ ते सत्तर हजारांच्या घरात सांगितली जाते. त्यांत जवळजवळ सर्व स्त्रिया असून मोठा वर्ग तेलुगू भाषक आहे. त्यांच्या कामाची रीत अशी आहे. कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा मिळतो. पाने आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी लागतात. सकाळी ती साच्याच्या मापाने कात्रीने कापावयाची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घ्यावयाची, पानात भरून विडी वळावयाची, तोंड दुमडावयाचे आणि दोऱ्याने बांधावयाची. मग पंचवीस-पंचवीसचे कट्टे. मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने.

या कामाचे शरीरावरील परिणाम बरेचसे ज्ञात आहेत. तासन्तास वाकून बसल्याने मान, पाठ व गुडघे दुखतात. तंबाखूची धूळ नाका-घशात जाते, आणि ती घरातील लहान मुलांनाही चुकत नाही. तंबाखूतील निकोटीन कातडीतून शरीरात शिरते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तंबाखूच्या शेतांत व प्रक्रिया केंद्रांत काम करणाऱ्यांच्या तपासण्या करून याकडे लक्ष वेधले आहे. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जी वस्तू ही स्त्री बनवते, ती ओढणाऱ्याच्या आरोग्याला घातक आहे. त्यामुळे विडीचा खप कमी व्हावा हे आरोग्यखात्याचे धोरण योग्यच आहे. परंतु त्याच धोरणाच्या बातमीने या स्त्रीच्या जिवाला घोर लागतो, कारण दुसरे काम तिच्या उंबऱ्यापर्यंत अजून आलेले नाही.

शरीराचे हे सर्व हिशेब मांडल्यावर मनाकडे वळावे लागते, आणि त्यासाठी दिवसातील एका विशिष्ट क्षणाकडे पाहावे लागते.

छाटीचा क्षण

वळलेल्या विड्या घेऊन कामगार स्त्री शाखेत जाते. तेथे त्या तपासल्या जातात. ज्या लहान-मोठ्या, सैल किंवा पान फाटलेल्या दिसतात, त्या बाजूला काढल्या जातात. विडी धंद्यात यालाच ‘छाट’ म्हणतात. पान मुळातच भोकाचे किंवा वाळलेले मिळाले असेल, तरी विडी तिचीच बाद होते. दिलेल्या पानांत हजाराची भरती होत नसेल, तर पदरचे पैसे घालून बाजारातून पाने आणावी लागतात. दिवसभराच्या श्रमाचे मोल काही मिनिटांत ठरते, आणि ठरवणाऱ्याशी वाद घालण्याचे धैर्य सहसा होत नाही. कारण उद्या पुन्हा तेथूनच पाने घ्यावयाची असतात.

हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना अपरिचित नव्हता. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कच्चा माल देणे, विड्या बाद करणे आणि बाद विड्यांची मजुरी यांविषयीचे वाद थोडक्या रीतीने मिटवण्याची तरतूद केली. राज्याच्या नियमांनी छाटीचे प्रमाण एका मर्यादेत ठेवण्याचे बंधन घातले. पुढे भविष्य निर्वाह निधीच्या संदर्भात असा वाद उपस्थित झाला की, घरी बसून विड्या वळणारी स्त्री ही कामगार म्हणावयाची की स्वतंत्र कारागीर? तिच्यावर देखरेख करणारा तर कोणी नसतो! सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये पी. एम. पटेल आणि सन्स यांच्या प्रकरणात याचे उत्तर दिले. विडी नापसंत करण्याचा हक्क मालकाकडे आहे. हा हक्क हेच पुरेसे नियंत्रण होय. म्हणून घरी काम करणारी ही स्त्रीदेखील कामगारच आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

हा निर्णय मनाच्या आरोग्याच्या अभ्यासकांनी अवश्य ध्यानात घेण्याजोगा आहे. घर आणि कारखाना यांना जोडणारा दुवा न्यायालयाला छाटीच्या हक्कात सापडला. कामाची वेळ तिची, जागा तिची, घर तिचे. परंतु काम पसंत पडले की नाही, हे ठरवण्याची सत्ता दुसऱ्याची. मनावरचा भार शोधावयाचा असेल, तर तोही तेथेच शोधला पाहिजे.

संशोधन काय सांगते

अमेरिकेतील रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये एक सिद्धांत मांडला. काम जास्त आहे, एवढ्यानेच माणूस आजारी पडत नाही. कामाचा रेटा मोठा आणि त्या कामाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार मात्र थोडा, अशी स्थिती असेल तर ताण सर्वांत अधिक होतो. शेतकरी पेरणीच्या दिवसांत रात्रंदिवस राबतो, पण कोणत्या शेतात प्रथम पाभर घालावयाची हे तो ठरवतो. यंत्राच्या गतीने हात चालवणाऱ्याला ते स्वातंत्र्य नसते.

या विचाराची कसोटी लंडनमध्ये घेतली गेली आणि तीही सरकारी नोकरांवर. प्रा. मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या ‘व्हाइटहॉल’च्या दुसऱ्या अभ्यासात ३५ ते ५५ वर्षे वयाचे १०,३०८ कर्मचारी होते. मोठ्या अधिकाऱ्यांवर जबाबदारी अधिक, म्हणून हृदयविकार त्यांनाच अधिक, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती टिकली नाही. खालच्या श्रेणींत आजाराचे प्रमाण अधिक आढळले, आणि आपल्या कामावर आपले नियंत्रण फार थोडे आहे असे असणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला. हे सर्व कर्मचारी पक्क्या नोकरीतले, पेन्शनीचे हक्कदार होते. ज्यांना यांपैकी काहीच नाही, त्यांची स्थिती काय असेल याची कल्पना यावरून करता येईल.

जर्मनीतील योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये याला आणखी एका विचाराची जोड दिली. घातलेले श्रम आणि मिळालेला मोबदला यांचा मेळ बसत नसेल, तर मन व हृदय दोन्ही झिजतात. मोबदला या शब्दात त्यांनी पैशाबरोबर मान आणि नोकरीची शाश्वती यांचाही समावेश केला. बाद झालेल्या विडीत पानाचे, श्रमाचे आणि मानाचे असे तिन्ही नुकसान एकदम होते, हे येथे सहज लक्षात येईल.

येथे यंत्रमागांचाही उल्लेख केला पाहिजे. सोलापूरची चादर आणि टॉवेल देशोदेशी गेले. ते विणणारा कामगार पुष्कळदा बारा तासांच्या पाळीत उभा असतो. मागांच्या खडखडाटात शेजारच्याशीही खुणेने बोलावे लागते. आठ तासांच्या कामासाठी कारखान्यांत आवाजाची मर्यादा ९० डेसिबल धरली जाते; यंत्रमागाच्या शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. या आवाजाने बहिरेपण येते हे सर्वांना ठाऊक आहे. बहिरेपणाबरोबर माणूस घरातही एकटा पडतो, चिडचिडा होतो, त्याची झोप उडते, याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे दिलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम केल्यामुळे पक्षाघात व हृदयविकार होऊन २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ७ लक्ष ४५ हजार माणसे मृत्यू पावली.

अहमदाबादचा प्रयोग

दुखणे सांगितल्यावर उपायही सांगितला पाहिजे. तो परदेशातून आणण्याची आवश्यकता नाही, कारण विणकामाच्याच क्षेत्रातील एक नामवंत प्रयोग आपल्या शेजारच्या अहमदाबादेत झालेला आहे.

१९५३ मध्ये तेथील कॅलिको मिलमध्ये नवे स्वयंचलित माग आले होते, पण उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढत नव्हते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी पाहणी केली, तेव्हा असे दिसले की माग जुळवणारा, तुटलेला धागा जोडणारा, तेल घालणारा, झाडणारा असे वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे कामगार मागांच्या जंगलात विखुरलेले आहेत. कोणीच कोणाचे नाही आणि कोणत्याच मागाची पूर्ण जबाबदारी कोणावर नाही. राइस यांनी सुचवले की सात कामगारांचा एक गट करावा आणि ६४ मागांची जबाबदारी त्या गटावर सोपवावी. ही सूचना पुढे येताच कामगारांनी ती उचलून धरली आणि कोणी कोणाबरोबर काम करावयाचे, हे आपसांत ठरवले. उत्पादकता वाढली आणि खराब निघणाऱ्या कापडाचे प्रमाण घटले. माग तेच होते, माणसेही तीच होती. जबाबदारीची मांडणी तेवढी बदललेली होती.

या प्रयोगाची दुसरी बाजूही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. १९७० मध्ये एरिक मिलर यांनी तेथे पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका विभागात गटपद्धती टिकून होती, तर इतरत्र बदलत्या मागणीच्या दडपणाखाली ती मागे पडली होती. चांगली व्यवस्था एकदा लावून दिली की आपोआप चालत नाही. तिच्यामागे सतत कोणीतरी उभे राहावे लागते.

घरकुलापासून पुढे

सोलापूर जिल्ह्यात अशा सामूहिक प्रयत्नाचे मोठे उदाहरण आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी सहकारी पद्धतीने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. आदिवासींच्या चळवळीतील नेत्या गोदूताई परुळेकर यांचे नाव तिला देण्यात आले आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. त्यानंतर तेथेच रे नगर ही तीस हजार घरांची योजना प्रधानमंत्री आवास योजनेखाली हाती घेण्यात आली. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरा वेचणारे, वाहनचालक अशांसाठी ती असून, तिच्या पहिल्या टप्प्यातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांच्या हस्ते लाभार्थींना देण्यात आली.

स्वतःच्या नावाचे घर मिळाल्याने मनाला जी निश्चिंती येते, ती कोणत्याही औषधाने येत नाही. तरीही जिचे घर हाच कारखाना आहे, तिच्या घराचा विचार निवाऱ्याच्या पलीकडे जाऊन करावा लागतो. कामाच्या कोपऱ्यात दिवसा उजेड येतो का, वारा खेळतो का, तंबाखूचे सूप आणि पाळणा यांच्यात भिंत आहे का, पाठीला टेका आहे का, हे प्रश्न घरबांधणीच्या आराखड्यातच विचारले गेले पाहिजेत. ग्रामपंचायतीचे समाजमंदिर दुपारच्या वेळी रिकामे असते. दहा-बारा स्त्रियांनी तेथे एकत्र बसून काम केले, तर याहोडा यांनी सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी दोन-तीन तरी तिला परत मिळतील आणि घरातील लेकरे धुळीपासून वाचतील.

कोणी काय करावे

पहिली गोष्ट नोंदीची. विडी कामगाराचे ओळखपत्र आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम संकेतस्थळावरील नोंदणी यांवर पुष्कळ सवलती अवलंबून असतात. ज्या स्त्रीच्या नावाची नोंदच नाही, ती कायद्याच्या दृष्टीने काम करीतच नाही. ही नोंद पुरी करण्याचे काम पंचायत सदस्यांच्या सहकार्यावाचून होणे कठीण आहे.

दुसरी गोष्ट छाटीची. १९६६ चा विडी कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला असून, ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कायद्याचे नाव बदलले तरी सुपातील पाने तीच आहेत. पानांची प्रत, दिलेले वजन, बाद विड्यांची संख्या आणि त्यांचे कारण या चार बाबी कामगाराच्या पुस्तिकेत तिला वाचता येईल अशा भाषेत लिहिल्या जाव्यात, हा श्रम अधिकाऱ्यांनी धरावयाचा आग्रह आहे. लेखी कारण द्यावे लागले की मनमानी कमी होते, हा प्रशासनातील सर्वांचाच अनुभव आहे.

तिसरी गोष्ट शिक्षकांची. वर्गात पेंगणारे मूल हे पुष्कळदा रात्री पाने कापावयास बसलेले मूल असते. त्याला शिक्षा करण्यापूर्वी घरी किती हजारांचे काम आले आहे, हे शिक्षकांनी जाणून घ्यावे. आईच्या मनाची स्थिती प्रथम मुलाच्या वहीत उमटते, हे शिक्षकाइतके दुसऱ्या कोणालाही दिसत नाही.

चौथी गोष्ट उपचारांची. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. शेजारची गुजरात, मध्य प्रदेश व छत्तीसगड ही राज्ये होती. सुमारे १०.६ टक्के प्रौढ व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात टप्प्याटप्प्याने राबवला जात आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर कोणालाही विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक विडी शाखेच्या दारावर, यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि शाळेच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिण्यास फारसा खर्च येणार नाही.

पाचवी आणि शेवटची गोष्ट संशोधनाची. सोलापूरला सामाजिक पाहणीची जुनी परंपरा आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे आर. जी. काकडे यांनी केलेली येथील विणकर समाजांची पाहणी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली, प्रा. धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहराविषयीचा ग्रंथ १९६५ मध्ये आला. कोणाचे किती माग, किती मिळकत, किती कर्ज, हे त्या पाहण्यांनी घरोघर जाऊन मोजले. आता त्याच घरांत मनाविषयीचे प्रश्न घेऊन जावयाचे आहे. शहरात २००४ साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे, १९६३ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावे.

मात्र एक पथ्य पाळावे लागेल. परदेशी प्रश्नावलीचे शब्दशः भाषांतर येथे उपयोगी पडणार नाही. या वस्त्यांत ‘मला खिन्नता आली आहे’ असे कोणी म्हणत नाही. डोके जड झाले, छाती धडधडते, हातपाय गळून जातात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, असे सांगितले जाते. आणि तेही अनेकदा तेलुगूत. या तक्रारी घेऊन आलेल्या स्त्रीला बळवर्धक गोळ्या देऊन परत पाठवले, तर दुखण्याला नाव मिळत नाही आणि नाव नाही म्हणून नोंदही होत नाही. तिच्या भाषेत, तिच्या ओट्यावर बसून, तिच्या हाताचे काम न थांबवता जी विचारपूस होईल, तीच खरी पाहणी ठरेल.

रामाझ्झिनी यांनी वैद्यांना एक प्रश्न दिला होता. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी, आशा कार्यकर्तीने, शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी सोलापूरपुरती त्यात आणखी एकाची भर घालावी. समोरची स्त्री विड्या वळते, एवढे कळल्यावर थांबू नये. आज किती विड्या परत आल्या, हेही तिला विचारावे. तिच्या झोपेचे, भुकेचे आणि मनाचे पुष्कळसे उत्तर त्या एका आकड्यात मिळेल.